नंदूचा हिशेब: दिलीपला पत्र

सांगली,
५ फेब्रुवारी २०२६

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तुझ्या आतेभावाला, नंदूला, प्रेसमधून कमी करण्याबद्दल तावातावाने बोलत होतास आणि माझ्यासमोर माणसं बसलेली, त्यामुळे नुसतं हं-हं करत राहिलो. तसंही हे प्रकरण फोनवर उरकण्यासारखं नाही. आकडे आहेत, ते तुला पुन्हा पुन्हा बघावे लागतील. व्हॉट्सॲपवर पाठवलं नाही, कारण तुझा फोन घरात कोणीही उचलतं आणि यातलं अर्धं आत्यांच्या, म्हणजे नंदूच्या आईच्या, कानावर भलत्या चालीत जाईल.

वहीची पानं पाहिली. तुझ्या वडिलांचं, अप्पांचं ते तिरकं, गिचमिड अक्षर बघून बरं वाटलं. शाईचं बिल, त्याखाली प्लेटा, त्याखाली ‘नंदू लग्न – मंडप’, त्याखाली ‘ताई – वरमायची साडी’, मग पुन्हा कागदाची रिमं. पुढच्या एका पानावर ताईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. आणि या सगळ्या नोंदींना तू लाल पेनाने गोल करून शेवटी बेरीज मारली आहेस: साडेपाच लाख. वर मला म्हणतोस, ‘हिशेब काढला तर मीच त्याच्याकडून घेणं लागतो.’

दिलीप, ती लाल बेरीज कोणाला दाखवू नकोस. नंदूला तर नाहीच. अप्पा रद्दीवाल्याकडून आलेले सुटे पैसेसुद्धा लिहून ठेवायचे. ते लिहायचे म्हणजे परत मागायचे असं नाही. बहिणीच्या मुलाचं लग्न त्यांनी मामा म्हणून केलं. ते प्रेसचा खर्च म्हणून नंदूच्या नावावर टाकायचं ठरवलंस, तर त्याच न्यायाने निवडणुकांच्या रात्री पहाटेपर्यंत हँडबिलं काढणाऱ्या नंदूचा ओव्हरटाइमही मांडावा लागेल. तो त्याच्या डोक्यात तयार असणारच. पगार-हिशेबाच्या या धंद्यात इतकी वर्षं मी हेच बघतो: मालक मदतीची यादी काढतो, नातेवाईक कष्टांची यादी काढतो, आणि दोन्ही याद्या खऱ्या असतात. म्हणून त्यांचं भांडण मिटत नाही. आधी कायद्याने जे देणं निघतं ते पूर्ण दे. मंडप आणि साडी त्या हिशेबात येऊच देऊ नकोस.

आता आकडे. नंदूचा पगार २०,८०० रुपये, एकरकमी, वेगळे भत्ते नाहीत. कामाला लागला जून २००९ मध्ये, म्हणजे या महिन्यात सोळा वर्षं आठ महिने होतात. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरतात, तेव्हा सतरा. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे केलेल्या नोकरीबद्दल निघताना द्यायच्या रकमेसाठी, महिन्याचा पगार २६ ने भागायचा: दिवसाचे ८०० रुपये. वर्षाला पंधरा दिवसांचे १२,०००. सतरा वर्षांचे २,०४,०००.

हे झालं त्याच्या नोकरीचं. तू त्याला काम नाही म्हणून कमी करतो आहेस, त्याची भरपाई वेगळी. तीही वर्षाला पंधरा दिवसांचीच, पण इथे २६ ने भागायचं नाही, सरळ अर्धा महिना धरायचा: १०,४०० गुणिले सतरा, म्हणजे १,७६,८००. शिवाय महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर तिच्या बदल्यात एक पगार, २०,८००. एकूण ४,०१,६००. शिल्लक रजा असेल तर तिचे पैसे वर.

नव्या श्रमसंहितांमुळे, म्हणजे नव्या कामगार कायद्यांमुळे, हे सगळं सुटलं असं तुला कोणीतरी सांगितलंय. नाही सुटलं. गेल्या २१ नोव्हेंबरला चारही संहिता लागू झाल्या, पण वर्षाला पंधरा दिवस हे गणित जुन्या-नव्या दोन्ही कायद्यांत तसंच आहे. उलट मूळ पगार बारीक दाखवून बाकी भत्त्यांत घालायची जुनी युक्ती आता चालत नाही, भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पगारातच धरतात. आणि कामावरून कमी केलेल्याचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे. ग्रॅच्युइटीला तीस दिवस मिळतात. कामगारकपातीच्या भरपाईला मात्र एकही दिवस नाही. ज्या दिवशी कमी केलंस त्या दिवशीच ती हातात पडली पाहिजे, नाहीतर कपातच बेकायदा ठरते आणि कामावर परत घ्या, मागचा पगार द्या, इथपर्यंत जातं. ‘दर महिन्याला दहा दहा हजार देतो’ ही तुझी कल्पना म्हणूनच मोडीत निघते.

तुझे आक्षेप फोनवर ऐकले, त्यातले तीन घेतो.

एक, ‘माझ्याकडे आठच माणसं आहेत, मला ग्रॅच्युइटी लागत नाही.’ आज आठ आहेत. पण २०१५-१६ ला तू बाइंडिंगच्या बायकांसकट तेरा जणांचा पगार वाटत होतास, ते रजिस्टर मीच तपासलंय. दहा माणसं झाली की कायदा लागू होतो, आणि एकदा लागू झाला की नंतर माणसं घटली म्हणून सुटत नाही. जीएसटी आल्यावर पावती पुस्तकांचं काम गेलं आणि पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या, तेव्हा तुझी माणसं कमी झाली. कायदा मागेच चिकटलेला होता.

दोन, ‘मस्टरवर तो २०१३ पासून आहे.’ असेल. त्याआधी अप्पा व्हाउचरवर रोख द्यायचे. पण २००९ च्या जॉब रजिस्टरमध्ये पानंच्या पानं नंदूच्या अक्षरात आहेत, ती कुठल्या कपाटात आहेत हेही त्याला ठाऊक आहे. २०१३ पासून धरलंस तर तुझे वाचतात ८९,६००. तेवढ्यासाठी तू त्याची पहिली चार वर्षं नव्हतीच म्हणणार? मी तुझा सल्लागार असतो तरी हे लिहून दिलं नसतं, मित्र म्हणून तर नाहीच नाही.

तीन, ‘तो मॅनेजर आहे, कामगार नाही.’ हा मुद्दा तुझ्या वकिलाने काढला असणार, आणि तो अगदीच हवेत नाही. सुपरवायझरचं काम करणारा आणि अठरा हजारांच्या वर पगार घेणारा माणूस कामगारकपातीच्या या कायद्यात कामगार धरत नाहीत. पण हुद्दा कार्डावर काय छापलाय याला तिथे किंमत नसते, दिवसभर काय काम करतो ते विचारतात. तुझ्याच प्रेसमध्ये छापलेल्या कार्डावर नंदू मॅनेजर आहे. प्रत्यक्षात तो प्लेट चढवतो, रोलर धुतो, कागद अडकला की मशीनमध्ये हात घालतो. त्याची नखं बघ एकदा. कोणाला रजा द्यायची, कोणाला काढायचं हे त्याने कधी ठरवलंय का? आणि समजा हा मुद्दा तू जिंकलास, तरी ग्रॅच्युइटी मॅनेजरलाही द्यावी लागतेच.

आता राजीनाम्याचं. ‘राजीनामा लिहून घेतो, म्हणजे भरपाईचा प्रश्न येत नाही.’ हे सगळेच करतात, मला माहीत आहे. मी करू देत नाही. नंदू सोडून चाललेला नाही, तू त्याला काढतो आहेस, आणि हे सगळ्या कराडला माहीत आहे. घरातल्या माणसाकडून असा कागद लिहून घेतलास की पुढे ‘मामेभावाने जबरदस्तीने सही घेतली’ हे वाक्य प्रत्येक लग्नात, बारशात ऐकशील. नोटिशीत खरं कारण लिही: ऑफसेटचं काम घटलं, ती पाळी बंद करतोय. आणखी एक. त्याच कामाला असलेल्यांत शेवटी आलेला आधी जातो, असा नियम आहे. तुझा डिजिटलचा मुलगा नंतर आला असला तरी त्याचं काम वेगळं आहे, म्हणून इथे अडचण दिसत नाही. पण वर्षभराच्या आत ऑफसेटवर दुसरा माणूस घेतलास, तर आधी नंदूला विचारावं लागेल.

सगळ्यात नाजूक ते चार आण्यांचं. नंदू म्हणतो, अप्पांनी शब्द दिला होता, ‘प्रेसमध्ये तुझे चार आणे’. तू म्हणतोस, कुठे लिहिलंय? दिलीप, भागीदारी तोंडीही असू शकते, १९३२ च्या कायद्याला त्यासाठी कागद लागत नाही. पण त्याच कायद्यात हेही आहे की नोकराला नफ्यातला वाटा दिला, एवढ्यावरून तो भागीदार होत नाही. नंदूने कधी भांडवल घातलं नाही, कर्जावर सही केली नाही, तोट्याच्या वर्षी त्याच्या खिशातून काही गेलं नाही. त्याचा दावा मला कच्चा वाटतो. तरीही अप्पांच्या वहीत दिवाळीच्या पानावर दर वर्षी ‘नंदू हिस्सा’ अशी नोंद आहे. बोनस नाही, बक्षिशी नाही, हिस्सा. तू लग्नाच्या नोंदींना लाल गोल केलेस आणि ही नोंद सोडून दिलीस, पण ती मला दिसली आणि त्याच्या वकिलालाही दिसेल. म्हणून हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नकोस. समझोत्यात एक कलम घाल की भागीदारीबद्दल दोघांचंही काही मागणं उरलेलं नाही, आणि त्या कलमाबद्दल स्वतंत्र रक्कम दे. किती, ते तू आणि तो ठरवा. माझं मत विचारशील तर अप्पांनी शब्द दिला असेल असंच मला वाटतं. त्यांचा स्वभाव तसाच होता.

मिरजेकडचं एक प्रकरण सांगतो, नाव-गाव नको. भांड्यांचं दुकान, थोरला भाऊ वारला, त्याची बायको गल्ल्यावर बसायला लागली. अकरा वर्षं बसली. मस्टरवर नाव नाही, पगार नाही, घरखर्चाला लागेल तसे गल्ल्यातून घ्यायचे. पुतण्यांनी दुकान विकायला काढलं तेव्हा तिला सांगितलं, ‘तुम्ही तर घरच्याच.’ बाई काही बोलली नाही. माझ्याकडे आली तेव्हा पिशवीभर बिलबुकं घेऊन आली. प्रत्येक पावतीवर तिची सही. टेबलावर एकेक पुस्तक ठेवत गेली आणि म्हणाली, ‘मोजा.’ ते प्रकरण मिटलं, पण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन, आणि आता ती माणसं एकमेकांकडे गणपतीलाही जात नाहीत. तुझ्याकडे वहिनी बिलिंग करतात, त्यांचा पगार खात्यात जातो ना? नसेल तर या महिन्यापासून सुरू कर. हा वेगळा विषय आहे, पण आठवला म्हणून.

बोलणी कुठे करायची? घरी नको. स्वयंपाकघरात चहा होतो, आत्या रडतात, काकू ‘जाऊ दे ना’ म्हणतात आणि प्रश्न महिनाभर भिजत पडतो. आत्यांना मध्ये घालू नकोस, मुलगा की भाचा हे त्यांना निवडायला लावणं बरं नाही. प्रेसही नको, तिथे बाकीचे कान टवकारून असतात. माझ्याकडे या दोघं. मात्र नंदूला सांग, बरोबर त्याच्या भरवशाचा जाणता माणूस आण. मी तुझा मित्र आहे, त्याने माझ्या गणितावर डोळे झाकून सही करू नये. रक्कम दोघांना मान्य झाली की मराठीत दोन प्रती, प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत, पैसे बँकेतून. ‘सर्व येणं मिळालं’ अशा एका ओळीच्या पावतीला फारसा अर्थ नसतो, कायद्याचं देणं त्याने पुसत नाही.

प्रेसच्या वरची, नंदू राहतो ती खोली यात आणू नकोस. ‘खोली रिकामी कर मग पैसे देतो’ हे तर बोलूच नकोस, आणि चुकूनही लाइट-पाणी तोडू नकोस. मुलाची दहावीची परीक्षा होईपर्यंत राहू दे, तेवढं लेखी दे. त्याने घेतलेल्या उचलीचंही तसंच: ती कबूल करून घे, परतफेड कशी ते वेगळ्या कागदावर ठरवा, ग्रॅच्युइटीतून परस्पर कापू नकोस.

पैसे कुठून आणू, हा तुझा खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे त्याच्या पोटातून आलेत. जुनी सिंगल कलर मशीन विकायची म्हणतोस, आणि नंदूलाही ती जॉबवर्कसाठी हवी आहे असं तूच बोललास. मग दे की त्याला. पण देण्याच्या बदल्यात नाही. आधी त्याचे पैसे त्याच्या खात्यात जाऊ देत. मग बाहेरच्या मेकॅनिककडून किंमत काढून रीतसर बिलाने विक, त्याला वाटलं तर त्यातूनच देईल. भावाला म्हणून किंमत कमी केलीस तर तो तुझा मोठेपणा, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मधल्या पंधरा दिवसांसाठी बँकेच्या ओव्हरड्राफ्टचं बघ.

नोटीस अजून दिली नसशील तर थांब. मला २००९ ते २०१३ ची व्हाउचरं, २०१५-१६ चं पगार रजिस्टर आणि गेल्या तीन महिन्यांचं पगारपत्रक पाठव, मसुदा मी करून देतो. वही मात्र पाठवू नकोस, कपाटात ठेव आणि त्यात आणखी काही खरडू नकोस.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, चि. ओंकारला आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
सुधीर

ता. क. – बाकीच्या सात जणांचे ग्रॅच्युइटीच्या वारसनोंदणीचे फॉर्म भरून घेतलेत का? माझ्या आठवणीप्रमाणे दोघांचे राहिलेत. कागद पाठवशील त्याच पाकिटात तेही घाल.