व्हर्बलमध्ये ४१ पर्सेंटाइल आलेल्यांनाही थोडी जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरमध्ये कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरात शंभर पर्सेंटाइलवाल्यांचे फोटो असतात, शेजारी पेढा भरवणारे आईवडील असतात, आणि ते असायलाच हवेत, त्या मुलांनी जीव तोडून अभ्यास केलेला असतो. पण ही परीक्षा अडीच-तीन लाख मुलं देतात, आणि त्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी कोणी नीट जेवत पण नाही, त्यांच्यासाठी पेपरात कधी दोन ओळी दिसत नाहीत. २०२२ च्या कॅटला मी त्यांच्यातली एक होते म्हणून हे लिहितेय. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त आईच्या कात्रीचा भाग तेवढा ठेवा.

मी बार्शीची, दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग पुण्यात इंजिनीअरिंग. गणित पहिल्यापासून चांगलं होतं. निकालाच्या दिवशी स्कोअरकार्डची पीडीएफ उघडली तर क्वांट म्हणजे गणित ९६, डीआयएलआर म्हणजे तक्ते आणि तर्काचे प्रश्न ९०, आणि व्हर्बल म्हणजे इंग्लिश ४१ पर्सेंटाइल. म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातली एकोणसाठ मुलं माझ्या पुढे. ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगते, कॅटमध्ये तीन सेक्शन असतात, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि आयआयएमवाले नुसतं टोटल बघत नाहीत तर प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ लावतात, त्यामुळे क्वांटमध्ये कितीही कमवा, व्हर्बलमध्ये पडलात की तिथेच थांबलात. त्यात व्हर्बल सगळ्यात आधी येतं. त्या ४० मिनिटांत वाट लागली की पुढची ८० मिनिटं तेच डोक्यात घेऊन बसायचं.

मी ज्या क्लासला जायचे तिथल्या सरांनी तर आधीच सांगून टाकलं होतं की मराठी मिडियमवाल्यांचं व्हर्बल काही सुधारत नाही, तुम्ही क्वांटवर जोर द्या आणि ही साडेतीन हजार शब्दांची लिस्ट पाठ करा. मी केली. रात्र रात्र केली. आणि पेपरात एक पण प्रश्न असा नव्हता की अमुक शब्दाचा अर्थ सांगा, कारण कॅट आता तसं विचारतच नाही. तिथे २४ प्रश्नांतले १६ पॅसेजवरचे असतात, बाकीचे उलटसुलट वाक्यं नीट लावायची, परिच्छेदाचा सारांश ओळखायचा, सुटं वाक्य कुठे बसतं ते सांगायचं अशातले. त्या लिस्टमध्ये माझे चार महिने गेले, ते आठवलं की अजून पण वाईट वाटतं.

निकालानंतर आठ-दहा दिवस मी घरीच होते. पप्पा बाजार समितीत एका आडतीवर दिवाणजी आहेत, ते संध्याकाळी आले की काही विचारायचे नाहीत आणि ते न विचारणंच जास्त लागायचं. आई सातवी शिकलीय पण पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, अग्रलेखासकट. त्या आठवड्यात तिचा चष्मा मोडला होता, म्हणून एका सकाळी म्हणाली, अगं तेवढा अग्रलेख वाचून दाखव. ऊसदरावरचा होता, एफआरपी म्हणजे उसाला ठरवून दिलेला किमान दर एकरकमी द्यायचा की तुकड्यातुकड्यात. मी घडाघडा वाचला. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "मग हा कारखान्याच्या बाजूने बोलतोय का शेतकऱ्याच्या?"

मला सांगता येईना. शब्द सगळे कळले होते, एकही अवघड नव्हता, माझ्याच भाषेत होतं, तरी सांगता येईना. परत वाचला तेव्हा लक्षात आलं की पहिले तीन परिच्छेद कारखान्यांच्या अडचणी मांडल्यात, साखरेचा भाव, बँकेचं कर्ज वगैरे, आणि चौथा परिच्छेद "मात्र" ने सुरू होतो आणि तिथून पुढे लेखकाचं खरं म्हणणं आहे. मी पहिल्या तीन परिच्छेदांवरच निकाल देऊन मोकळी झाले होते.

त्याच दिवशी मी धीर करून रिस्पॉन्स शीट उघडली. आन्सर की आली की आपण कुठला ऑप्शन टिक केला ते सगळं बघायला मिळतं, पण मार्क कमी येणार असं वाटत असेल तर कोणी तिकडे फिरकत नाही, मी पण नव्हते फिरकले. चोवीसच्या चोवीस सोडवले होते. बरोबर आले ७, त्यांचे प्रत्येकी तीन मार्क, आणि १३ चुकांना प्रत्येकी एक मार्क कापला गेला (बाकी चार चुका उत्तर टाइप करायच्या प्रश्नांतल्या, त्यांना निगेटिव्ह नसतं), म्हणजे २१ मधून १३ गेले, उरले ८. एकेक चूक घेऊन वहीत लिहिली तर बहुतेक चुका एकाच जातीच्या निघाल्या. मी टिक केलेला ऑप्शन जगात खरा होता, पण पॅसेजमध्ये लेखकाने तसं म्हटलंच नव्हतं. नाहीतर लेखक म्हणतो "बऱ्याचदा असं होतं" आणि मी निवडलेला ऑप्शन म्हणतो "नेहमीच असं होतं". अग्रलेखात झालं तेच. इंग्लिश कच्चं होतं हे खरंय, पण त्याच्या आधी माझं वाचणंच कच्चं होतं.

मग आम्ही घरात एक गोष्ट सुरू केली. आई दुपारी कामं आवरली की आदल्या दिवशीच्या अग्रलेखातला एक परिच्छेद कात्रीने कापायची, प्रत्येक वाक्याची वेगळी पट्टी, पाटावर त्या पट्ट्या उलटसुलट करून ठेवायची आणि मला म्हणायची, लाव. सुरुवातीला माझं चुकायचं आणि तिचं बरोबर यायचं. ती बोट ठेवून दाखवायची, हे बघ, "या निर्णयामुळे" म्हणतोय, मग निर्णय कुठला ते आधीच्या पट्टीत आलं पाहिजे की नको? इथे "तो" आहे, मग तो कोण ते वर पाहिजे. पॅराजम्बल पॅराजम्बल म्हणून क्लासमध्ये जे चालतं ते हेच आहे आणि सातवी शिकलेल्या बाईला ते येत होतं, कारण ती तीस वर्षं रोज पूर्ण पेपर वाचतेय. माझ्या पिढीने वाचलंय काय तर हेडलाइन, कॅप्शन आणि फॉरवर्ड.

इंग्लिशसाठी मग मी असं केलं की एखाद्या विषयावर आधी मराठीत वाचायचं, रेपो रेट म्हणा, बजेट म्हणा, आणि नंतर त्याच विषयावरचा इंग्लिश पेपरातला लेख. विषय आधीच डोक्यात असला की इंग्लिश शब्द आपोआप अर्थासकट बसतात, लिस्टची गरज लागत नाही. प्रत्येक लेखाखाली मराठीतच एक ओळ लिहायची, लेखकाला काय म्हणायचंय. एकच ओळ, आणि ती न बघता लिहायची. हे ऐकायला सोपं वाटतं पण पहिला महिनाभर माझी ती ओळ म्हणजे लेखाचा विषय असायचा, म्हणणं नसायचं, "हा लेख पाण्याबद्दल आहे" असलं काहीतरी. अडीच-तीन महिन्यांनी ती नीट यायला लागली. मग नावडते विषय मुद्दाम घेतले, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, कलेचा इतिहास, कारण पॅसेज हमखास तिथलेच येतात आणि पहिली ओळ वाचूनच आपलं मन उठतं. मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, मार्क मात्र जूनपर्यंत हलले नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण बरीच मुलं नेमकी तिथेच सोडून देतात.

२०२३ च्या कॅटला मी २४ पैकी १६ च सोडवले. एक पॅसेज पूर्ण सोडून दिला. ११ बरोबर आले, पाच चुकांपैकी चारांचे चार मार्क गेले, २९ मार्क झाले आणि व्हर्बल ८९ पर्सेंटाइल. चांगल्या कॉलेजला ॲडमिशन झालं. ८९ ला फोटो छापून येत नाही आणि मला तो नकोच आहे, पण ४१ वरून ८९ कसं झालं हे समजून घेण्यात आणखी कितीतरी मुलांचा फायदा आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि हे फक्त कॅटचं नाहीये. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत २०० पैकी ५० प्रश्न व्हर्बलचे असतात, तिथे निगेटिव्ह नाही म्हणून मुलं डोळे झाकून कुठलाही ऑप्शन निवडतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी एमपीएससीवाली एक ताई बसायची, तिला सीसॅटचे, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरचे, उतारे मराठीतून असून अडायचे. मराठीतून! तेव्हा दरवेळी मिडियमला दोष देणं थांबवा, मुलांना कमीपणा वाटण्यापलीकडे त्यातून काही होत नाही.

तर संपादकसाहेब, दोन विनंत्या आहेत. आपल्या विद्यार्थ्यांच्या पुरवणीत आठवड्याला एक पाचशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली चार प्रश्न द्या, मराठीतच द्या, उत्तरं पुढच्या आठवड्यात, आणि चुकीचा पर्याय चुकीचा का आहे ते पण लिहा, कारण सगळं शिक्षण तिथेच होतं. दुसरं म्हणजे मोठे लेख छोटे करू नका. अलीकडे आतल्या पानावर बघतेय, जिथे एक सलग लेख असायचा तिथे आता चौकटी आणि मुद्दे आलेत. मुद्द्यांमध्ये "मात्र" नसतो हो, आणि मुलांना नेमका तोच वाचता यायला पाहिजे.

यंदाच्या कॅटच्या निकालानंतर आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा फोन आला, व्हर्बलमध्ये ३७ आलेत, दादा म्हणतो दुसरं काहीतरी बघ. तिला म्हटलं रविवारी रिस्पॉन्स शीट घेऊन घरी ये, आणि येताना आठवडाभराची रद्दी पण आण. आईने कात्रीला धार लावून ठेवलीय.

आपली,
एक वाचक, बार्शी