जुन्या पोस्टकार्डाची मागची बाजूही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘१८९० चे बोरीबंदर’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झालेले रंगीत चित्र पाहून आनंद झाला; परंतु ते १८९० चे असू शकत नाही. व्हिक्टोरिया टर्मिनससमोरची महापालिकेची इमारत त्यात घुमटासह पुरी झालेली दिसते आणि तिचे बांधकाम संपले ते १८९३ मध्ये. त्याहून ठळक पुरावा खाली रस्त्यावरच आहे. तेथून जाणाऱ्या ट्रामला घोडे जुंपलेले नाहीत, वर तार आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि विजेची ७ मे १९०७ रोजी. म्हणजे साल निदान सतरा वर्षांनी मागे गेले.

दोष केवळ मथळा लिहिणाऱ्याचा नाही. हे चित्र मुळात सचित्र पोस्टकार्ड आहे, आणि पोस्टकार्डाचा अर्धा इतिहास त्याच्या कडांवर व पाठीवर असतो. प्रकाशकाचे नाव, कार्ड कोठे छापले त्याची बारीक ओळ, तिकीट, टपालाचा शिक्का, पाठवणाऱ्याचे हस्ताक्षर हे सारे कापून केवळ देखावा छापला की उरते ते नुसते शोभेचे चित्र.

सरकारी पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले; चित्रांची कार्डे त्यानंतर वीसेक वर्षांनी बहरली. आरंभीच्या कार्डांची पाठ केवळ पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे मजकूर चित्राच्या भोवती, कधी कधी इमारतीच्या कळसावरूनच लिहिलेला आढळतो. ब्रिटनने १९०२ मध्ये पाठीचे दोन भाग करून एका भागात मजकूर लिहिण्यास परवानगी दिली व इतर देशांनीही पुढील काही वर्षांत तेच केले. तेव्हा पाठ पाहिली तरी कार्डाच्या वयाचा पहिला अंदाज येतो. शिक्क्यावरची तारीख मात्र जपून वापरावी लागते, कारण ती कार्ड टाकल्याची असते, छायाचित्र घेतल्याची नव्हे. प्रकाशक छायाचित्राची एकच काच (निगेटिव्ह) वर्षानुवर्षे वापरीत.

रंगांवर तर मुळीच विसंबू नये. त्या काळातील पुष्कळशी कार्डे जर्मनीत छापून येत, आणि काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर रंग चढवणाऱ्या कारागिराने मुंबई पाहिलेली असण्याचे काही कारण नव्हते. माझ्या संग्रहात क्रॉफर्ड मार्केटची दोन कार्डे आहेत. टांगे तेच, माणसे तीच, सावल्याही त्याच. परंतु एकात आकाश निळेभोर आहे आणि दुसऱ्यात केशरी, जणू बाजार सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागचा हललाच नाही!

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. ही कार्डे मुख्यतः साहेबाने मायदेशी धाडण्यासाठी काढली होती. त्यामुळे राजाबाई टॉवर, एस्प्लनेड, मलबार हिल यांची रेलचेल आहे, तर ज्या गिरणगावावर या शहराचा संसार चालला, त्याच्या चाळी माझ्या पाहण्यातील कार्डांत जवळजवळ नाहीत. आपली माणसे दिसतात ती बहुधा नावावाचून, ‘नेटिव्ह’ या एका शब्दाखाली. चित्रकार म. वि. धुरंधरांनी मुंबईकरांची जी चित्रे पोस्टकार्डांसाठी काढली, त्यांत नेसण्याची, उभे राहण्याची ढब जाणणारा डोळा दिसतो, आणि तेवढ्यासाठी ती वेगळी काढून पाहावीत. ‘जुनी मुंबई अशी होती’ असे लिहिताना ती कोणाला दाखवण्यासाठी टिपली होती, हेही एका वाक्यात सांगितले तर वाचकांची दिशाभूल होणार नाही.

यासाठी विनंती अशी की, यापुढे असे कार्ड छापताना ते कडांसह छापावे, पाठीचे छोटे चित्र शेजारी द्यावे आणि साल ठाऊक नसेल तर ‘१९०७ नंतर’ अशी मर्यादा लिहावी. वाचकांनीही घरातील कार्डे अल्बममध्ये डिंकाने चिकटवू नयेत. तसे केल्याने मागील मजकूर वाचता न येणारी कितीतरी कार्डे मी चोरबाजारात पाहिली आहेत.

सोबत माझ्याकडील अपोलो बंदराच्या एका कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत पाठवत आहे. त्यात १९०३ मध्ये उघडलेले ताजमहाल हॉटेल आहे, पण गेटवे ऑफ इंडियाच्या जागी मोकळा धक्का आणि गाड्यांची रांग आहे. गेटवेची कोनशिला बसली ती १९१३ मध्ये आणि काम पुरे झाले १९२४ मध्ये. शिक्का १९०८ चा आहे. मागे कोणा इंग्रज प्रवाशाने बोट वेळेवर लागल्याचे आणि उकाडा असह्य असल्याचे कळवले आहे. छापल्यास कृपया कड कापू नये.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, गिरगाव