अखाजीला पोरांना आणण्याआधी

चि. भूषण यास आप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी "यंदा पोरांना आणू नको" एवढंच बोललो आणि तू फोन ठेवून दिलास. सूनबाईंनाही वाईट वाटलं असेल. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर आपल्या दोघांचं जमत नाही, म्हणून लिहितो. पोरांना आण. अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला आण आणि शाळा उघडेपर्यंत राहू दे. बिबड्यांच्या पापडांची ज्वारी निवडून झाली आहे, लिंबाला झोका बांधायचा आहे, आणि आईने घागरीवर ठेवायचं डांगर म्हणजे खरबूजसुद्धा सांगून ठेवलंय. माझं म्हणणं फक्त शेततळ्याचं होतं.

तू म्हणालास, ओवी आता क्लासला जाते, पोहते. आनंद झाला, खरंच झाला. पण टँकमध्ये पोहणारं पोर शेततळ्यातून बाहेर येईलच असं नाही. तळं झाल्यापासून तू घाईघाईत येऊन गेलास, नीट पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजू सरळ उभ्या नाहीत. एक मीटर खाली गेलं की दीड मीटर आत, असा उतार आहे. काठापासून तळापर्यंत तो उतार जवळजवळ साडेपाच मीटर भरतो, आणि त्यावर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. ओला झाला की साबण लावलेल्या फरशीसारखा. त्यात शेवाळ धरतं. टँकला काठ असतो, धरायला दांडा असतो, शिडी असते. इथे हाताला काहीच लागत नाही. पोर पोहत उतारापर्यंत येतं, उभं राहायला जातं, पाय सटकतो आणि परत आत. मोठा माणूससुद्धा असा चार-पाचदा घसरला की दमतो.

उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतं. मे महिन्यात केळीच्या एका झाडाला रोज वीस-बावीस लिटर लागतं आणि वीज रात्रीची, त्यामुळे तळं उपसतच असतं. लोकांना वाटतं, पाणी कमी तर भीती कमी. उलटं आहे. दीड मीटर पाणी ओवीच्या डोक्यावरून जातं, आणि वर अडीच-पावणेतीन मीटर उघडा कागद चढायचा राहतो.

चारही बाजूंना दोर सोडले आहेत. अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा दोर, हात-हातभर अंतरावर गाठी, वरचं टोक भरावाच्या बाहेर ठोकलेल्या लोखंडी खुंटीला आणि खालचं तळापर्यंत. दोर पाण्याच्या वरच संपला तर उपयोग शून्य. उन्हाने नायलॉन कडक होऊन तुटायला लागतो, म्हणून दर उन्हाळ्यात दोन माणसांनी लोंबकळून पाहायचा आणि शंका आली की बदलायचा. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा हवा भरून, दोर बांधून काठावर ठेवल्यात. लांब बांबूही आहे. जाळीचं कुंपण पाच फुटी आहे, पण रानडुकरं खालून उकरतात. ते भगदाड आपल्याला दिसत नाही आणि धाकट्याला मात्र बरोबर दिसेल. रोज सकाळी फेरी मारून दगड लावावे लागतात. फाटकाचं कुलूप माझ्याकडे, किल्ली बंडीच्या खिशात. सालदारालाही सांगितलंय की पाच मिनिटांसाठी सुद्धा उघडं टाकायचं नाही.

बस, तळ्याचं एवढंच. आता बाकीचं.

रात्रीच्या गाडीने निघा, म्हणजे जळगावला ऊन तापायच्या आत उतराल. अकरा ते पाच पोरं घरातच. ते तुझी आई बघेल, तिला सांगावं लागत नाही. कूलरला तीन पिनांची वायर आणि अर्थिंग नव्याने करून घेतलं, बोर्डात करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवलाय. तरी पाणी भरताना आधी पिन काढायची आणि ओल्या पायांनी कोणी हात लावायचा नाही. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोली दमट होते आणि पोरं चिडचिडी होतात. धाकट्याला हगवण लागली तर ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच टाका. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने टाकतात, ते चूक. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. चार वर्षांच्या पोराला दर जुलाबानंतर शंभर ते दोनशे मिली, चमच्या-चमच्याने. सहा तास लघवी झाली नाही तर डॉक्टर.

बिबड्यांच्या दिवशी त्यांच्या शिजवलेल्या पिठाचा घाटा खायला मिळेल. लसूण, तीळ, मिरची घातलेला गरम घाटा, वर तेल. तुझ्या लहानपणी तू त्यासाठी चुलीपुढून हलायचा नाहीस. पातेलं मात्र मोठं असतं आणि वाफ हात भाजते, पोरांना ओट्याच्या त्या बाजूला बसवायचं.

तू विहिरीत शिकलास, पाठीला भोपळा बांधून. तेव्हा कोणी एवढं लिहिलं नाही, असं तुझ्या मनात येईल. पण त्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या, बांधकामात खोबण्या होत्या, आणि नाना काठावर बसलेले असायचे. तुझ्या अंगात पाण्याची भीती कधी नव्हती. ओवीतही नाही, ती तुझ्यावर गेली. म्हणूनच तिची जास्त काळजी वाटते. धाकटा भितो, तो दूर राहील. पण ताई जिथे जाते तिथे तो जातो.

अखाजीला घरात पंधरा-वीस माणसं असतात. सगळ्यांना वाटतं कोणीतरी बघतंय. जेवणं झाली की बायका भांड्यांत, पुरुष आडवे, आणि पोरं बारा ते चारच्या मधे कुठे गेली ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून तासा-तासाला एकाचं नाव घेऊन सांगायचं: आता तू. फोन हातात नाही. बुडणारं पोर ओरडत नाही. हाक मारायला श्वास लागतो, तोच नसतो. दोन-तीन मिनिटांत सगळं होतं. कोणी पडलंच तर पाठोपाठ उडी नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघे जातात. काठावर पालथं पडून ट्यूब फेकायची, दोर द्यायचा. बाहेर काढल्यावर गावात पोराला उलटं धरून गरागरा फिरवतात, पोट दाबतात. तसलं काही करू द्यायचं नाही. श्वास नसेल तर उताणं ठेवून हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने आधी दोनदा हवा, छाती वर येते का बघत. मग छातीच्या मधोमध तीस दाब, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. परत दोन श्वास. कोणीतरी १०८ लावायचा आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे सूनबाईंनाही शिकवून ठेव.

बघ, "एवढंच" म्हणून पुन्हा तिथेच आलो. मास्तरकी झाली, राग मानू नकोस. तू शिकलास, पुण्यात घर केलंस. ओवी फोनवर इंग्रजी कविता म्हणते, तर मी पारावर सगळ्यांना ऐकवतो. पोरं रानात फिरलीच पाहिजेत. केळीत खेळू देत, कैऱ्या पाडू देत, ठिबकच्या नळीवर पाय देऊन ती फोडू देत, मी काही बोलणार नाही.

येताना दोन लाइफ जॅकेटं आण. ती वयावर नाही, वजनावर मिळतात, लेबलवर किलो लिहिलेले असतात. दोघांना दुकानात घालून बघ, खांदे धरून वर ओढल्यावर जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. जॅकेट घातलं म्हणजे तळ्यावर जायची मुभा नाही, हे त्यांना गाडीतच सांग. आणि तिकीट झालं की आईला फोन कर, मांड्यांसाठी गहू किती काढायचे ते तिला ठरवायचंय.

तुझे आप्पा