अलिबागची वेधशाळा आणि पृथ्वीचं शेपूट

ग्राट्स, ऑस्ट्रिया

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पृथ्वीला शेपूट आहे म्हणतेस, ते आहे तरी कुठे?" तेवढ्यात फोन कटला आणि उत्तर राहूनच गेलं.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सारखा वाहत असतो. त्याच्या रेट्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसाच्या बाजूला दबतं आणि रात्रीच्या बाजूला पार चंद्राच्या पलीकडे लांबतं. तेच शेपूट. त्यात वरच्या चुंबकीय रेषा पृथ्वीकडे येणाऱ्या, खालच्या दूर जाणाऱ्या. मधोमध त्या एकमेकींना भिडल्या की तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. त्या धामधुमीत काही रेषांना पीळ पडतो आणि काथ्याच्या दोरासारखं काहीतरी तयार होतं: गाभ्यातल्या रेषा जवळजवळ सरळ, बाहेरच्या वेढे घेत गेलेल्या. मी शोधते ते हे दोर.

मोजमापं येतात नासाच्या एमएमएस या अंतराळ मोहिमेतून. मार्च 2015 मध्ये सोडलेली चार यानं एकमेकांच्या जवळजवळ उडतात. एकदा तर त्यांच्यातलं अंतर जेमतेम 7 किलोमीटरवर आणलं होतं. चार कशाला? खाडीत एकच खुंट रोवला आणि पाणी चढताना दिसलं, तर भरती लागली की नुसती लाट सरकून गेली, हे त्या खुंटावरून सांगता येत नाही. चार खुंट असले की पाणी आधी कुठे चढलं आणि मग कुठे, ते कळतं.

मंगळवारी असाच एक पिळाचा दोर सापडला. आलेखावर उत्तर-दक्षिण क्षेत्राची रेघ आधी शून्याखाली गेली आणि मग उसळून वर आली. ती शून्य ओलांडत होती नेमक्या त्याच क्षणी एकूण क्षेत्राची रेघ शिगेला पोचली. सगळा खेळ तीन सेकंदांचा! सेकंदाला 128 मोजमापं होतात म्हणून तो निसटला नाही. चारही यानांच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या तर किंचित मागेपुढे होत्या, त्यावरून तो पृथ्वीकडे येत होता हे काढलं. बाबा, मला त्यानंतर बराच वेळ खुर्चीत बसवेना.

तिथलं क्षेत्र फार क्षीण, साधारण 20-30 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). आपल्या अलिबागला जमिनीवर ते 40 हजारांच्या वर आहे. एवढं बारीक मोजायचं तर यानातल्या वीजप्रवाहांचीच अडचण होते, म्हणून चुंबकमापक 5 मीटर लांब दांड्यांवर, यानापासून दूर ठेवलेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली वेधशाळाच आठवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजमापं 1904 साली अलिबागला आली, तीही लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. शाळेत सोडताना तुम्ही स्कूटर हळू करून ती दाखवायचात. मला तेव्हा तिथे फक्त झाडं दिसायची. आता इथे रोज ट्रामने कामावर जाते आणि रोज ती इमारत डोळ्यांसमोर येते.

जमलं तर फाटकाबाहेरून तिचा एक फोटो काढून पाठवा, टेबलासमोर लावायचाय. आईला सांगा, मेतकूट महिनाभर पुरेल.

तुमची,
मनू