राहायचं होतं त्यालाच पाठवलं

टोरांटो,
19 जून 2019

ती. बाबा आणि आई,
सा. न.

मी सुखरूप आहे, हे आधी. सोमवारच्या बास्केटबॉलच्या विजयी मिरवणुकीत गोळीबार झाल्याची बातमी तिकडे पोचली आणि नेमका तेव्हाच माझा फोन लागेना, म्हणून आई रात्रभर जागी होती असं ताई म्हणाली. गोळीबार नेथन फिलिप्स चौकात झाला. मी मागे युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर होते. एवढ्या माणसांत कुणाचाच फोन लागत नव्हता. आई, माफ कर.

बाबा, तुम्ही विचारलंत, बास्केटबॉलच्या एका विजयासाठी तासन्‌तास उन्हात का उभी राहिलीस? फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

एनबीए म्हणजे इथली बास्केटबॉलची मोठी लीग, तिच्यात तीस संघ. एकोणतीस अमेरिकेतले, कॅनडातला एकटा आमचा रॅप्टर्स, 1995 पासूनचा. मी 2009 मध्ये इथे आले, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा एकोणीस वर्षांचा डिमार डिरोझन संघात आला. मोठे खेळाडू इथे फारसे टिकत नसत. पुढच्याच वर्षी ख्रिस बॉश मायामीला गेला. डिरोझन मात्र राहिला. 2016 मध्ये करार संपला, तेव्हा त्याने दुसऱ्या कुठल्या संघाशी बोलणीसुद्धा केली नाहीत. नवीन गावात पाय रोवायची धडपड करणाऱ्या मला त्याचं ते राहणं फार जवळचं वाटायचं. रॅप्टर्ससाठी सर्वांत जास्त गुण त्याचेच. पण प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने आम्हाला ओळीने तीन वर्षं घरी पाठवलं, त्यातलं शेवटच्या दोनदा 4-0 असं.

आणि गेल्या जुलैत संघाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांनी डिरोझनलाच सॅन अँटोनियोच्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात आला कवाय लेनर्ड. दुखापतीमुळे आधीच्या हंगामात जेमतेम नऊ सामने खेळलेला, करारही एकाच वर्षाचा उरलेला. मी त्या दिवशी रडले होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

पण कवाय काय खेळला, बाबा! प्लेऑफमध्ये सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे. फिलाडेल्फियाविरुद्ध 12 मे रोजी सातवा सामना, 90-90 अशी बरोबरी, शेवटचे चार सेकंद. कवाय धावत उजव्या कोपऱ्यात गेला आणि त्यांच्या सात फुटी एम्बीडच्या हातावरून त्याने बॉल फेकला. बझर वाजला तेव्हा बॉल हवेत होता. रिंगवर एकदा आपटला, दोनदा, तीनदा, चारदा, आणि आत पडला. 2001 मध्ये याच फिलाडेल्फियाशी सातव्याच सामन्यात आमच्या विन्स कार्टरचा शेवटचा नेम हुकला होता. इथली जुनी माणसं अठरा वर्षं ते मनात धरून होती. माझ्या शेजारचे आजोबा तर मटकन खालीच बसले.

मग मिलवॉकी. पहिले दोन्ही सामने हरलो, पुढचे चारही जिंकले.

अंतिम फेरी गोल्डन स्टेटशी, गेल्या दोन्ही वर्षांच्या विजेत्यांशी. 3-1 अशी आघाडी होती. पाचवा सामना टोरांटोत. मी मैदानाबाहेरच्या पडद्यासमोर उभी होते. महिनाभर जायबंदी असलेला त्यांचा केव्हिन ड्युरंट खेळायला उतरला आणि पाय धरून कोसळला. तेव्हा आमच्यातल्या काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मला शरमेने खाली बघावंसं झालं. आमच्याच खेळाडूंनी हात वर करून लोकांना गप्प केलं, हे बरं झालं. तो सामना एका गुणाने गेला.

सहावा सामना त्यांच्या ओकलंडमध्ये, 13 जूनला. इथे मध्यरात्र होत आली होती. 2016 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत कुठल्याच संघाने न घेतलेला आमचा फ्रेड व्हॅनव्हलीट शेवटच्या बारा मिनिटांत बारा गुण करून गेला. आम्हाला एका गुणाची आघाडी, काही सेकंद बाकी, बॉल त्यांच्या स्टेफन करीच्या हातात. त्याचा नेम हुकला. 114-110. अमेरिकेबाहेरच्या संघाने एनबीएचं अजिंक्यपद प्रथमच जिंकलं. ओळख ना पाळख, अशा बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. मीही रडले.

तरी करंडक आमच्या काईल लाउरीच्या हातात दिसला तेव्हा मला आधी डिरोझनच आठवला. दोघं जिवलग मित्र, सहा वर्षं एकत्र खेळलेले. उजिरींचा निर्णय बरोबर होता, हे मी आता कबूल करते. कवाय नसता तर हे झालं नसतं. त्याचा करार याच महिन्यात संपतोय, कदाचित तोही जाईल. पण ज्याला इथेच राहायचं होतं तो मिरवणुकीच्या बसवर नव्हता, हे मला अजून टोचतं. मिरवणुकीला मी त्याचीच जुनी 10 नंबरची जर्सी घालून गेले होते. गर्दीत तसे 10 नंबर आणखी दिसले. एका मुलीने लांबूनच स्वतःच्या नंबरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

बाबा, फिलाडेल्फियाच्या त्या शेवटच्या चार सेकंदांचा व्हिडिओ ताईला पाठवलाय, तिच्याकडून नक्की बघा. घसा पार बसलाय, म्हणून फोन रविवारी करते.

तुमची,
छोटी