रूटच्या सांध्यावर पहारा हवा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

सहकारी बँकांच्या विलीनीकरणाच्या बातम्यांत ठेवी, शाखा आणि कर्मचारी यांची चर्चा असते; दोन बँकांची नेटवर्क एकमेकांना कशी जोडली जातात, याविषयी मात्र अवाक्षर नसते. अशा एका जोडणीच्या कामात मी स्वतः होतो, म्हणून हे पत्र.

राउटर, म्हणजे नेटवर्कमधील माहिती योग्य वाटेने पुढे धाडणारी यंत्रे, एकमेकांना रूट, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठून जायचे ती वाट, प्रोटोकॉलच्या ठरलेल्या नियमांनी कळवतात. लहान बँकेच्या शाखांत आरआयपी आणि मोठ्या बँकेत ओएसपीएफ हा प्रोटोकॉल चालत होता. सीमेवरच्या पहिल्या राउटरवर दोन्हींचे रूट एकमेकांत सोडले, तेव्हा सारे सुरळीत होते. रात्री, पहिला बंद पडला तर हाताशी असावा म्हणून, तशाच मांडणीचा दुसरा राउटर जोडला आणि एका शाखेचा संपर्क तुटला. वाटेतील राउटरांचे पत्ते ओळीने दाखवणारा ट्रेसरूट लावला, तर तेच तीन पत्ते तिसाव्या ओळीपर्यंत फिरून फिरून येत राहिले.

कारण साधे होते. सिस्कोच्या राउटरमध्ये ओएसपीएफचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कोणत्या प्रोटोकॉलच्या रूटवर आधी विश्वास ठेवायचा, ते ठरवणारा आकडा) 110 आणि आरआयपीचा 120 असतो, आणि ज्याचा आकडा लहान त्याचा शब्द प्रमाण. त्यामुळे शाखेचा जो रूट पहिल्या राउटरने ओएसपीएफमध्ये सोडला होता, तोच दुसऱ्याने खरा मानला, स्वतःला आरआयपीतून मिळालेला बाजूला सारला, आणि वर तो आरआयपीत परत सोडला. तिथे आम्ही त्याला अवघा एक हॉप, म्हणजे वाटेतला एकच टप्पा, ठरवून दिला असल्याने, खरी शाखा चार हॉपवर असूनही मधल्या राउटरला हीच वाट जवळची वाटली आणि माहिती गोल फिरत राहिली. उपाय दोन ओळींचा होता: आरआयपीतून येणाऱ्या रूटला टॅग, म्हणजे ओळखखूण, लावायचा आणि तो टॅग असलेला रूट आरआयपीत परत जाऊ द्यायचा नाही. शिवाय ओएसपीएफच्या बाह्य, म्हणजे दुसऱ्या प्रोटोकॉलमधून त्यात आलेल्या, रूटचा डिस्टन्स 120 च्या वर नेला, म्हणजे दुसरा राउटरही शाखेकडे सरळ वाटेने जाऊ लागला.

आत ठेवायचा रूट बाहेर गेला की काय होते, हे 24 फेब्रुवारी 2008 रोजी जगाने पाहिले. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या 256 पत्त्यांचा केलेला रूट बीजीपी या इंटरनेटवरील कंपन्यांची नेटवर्क जोडणाऱ्या प्रोटोकॉलमधून बाहेर पडला, तिला इंटरनेटशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीने तो न गाळता पुढे दिला, आणि सुमारे दोन तास जगभरातील प्रेक्षकांना यूट्यूब मिळेना.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे प्रोटोकॉल स्वतंत्रपणे नीट शिकवले जातात, पण ते जिथे भेटतात तो सांधा प्रात्यक्षिकात क्वचितच येतो. तो यावा, आणि तोही दोन सीमा राउटरांसह, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बँकांनीही नेटवर्क सुरू करण्याआधी यांपैकी एकेक राउटर मुद्दाम बंद करून पुन्हा जोडून पाहावा, कारण एकच राउटर होता तोवर आमची चूक कुणालाच दिसली नव्हती.

— एक नेटवर्क अभियंता, पुणे