त्या कुत्र्याच्या दाराचं आधी बघ

सांगली,
सोमवार, रात्री

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, चारी बाजूंनी कॅमेरे लावतोय, आता पुरे कर," आणि मग प्राजक्तानं फोन हातात घेऊन विषय बदलला. फोनवर आपले आवाज चढतात, म्हणून लिहिते. घराबद्दल वाकडं बोलायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. तुमचं नवं घर सुंदर आहे. तुझे बाबा असते तर तू पाठवलेले ते सतरा फोटो दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवले असते.

पण त्यातला अकरावा फोटो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला खाली रबरी झडपेचं चौकोनी भोक आहे ना, आधीच्या मालकांच्या कुत्र्यासाठीचं? ओवी बावीस महिन्यांची आहे. डोकं गेलं की अंग जातं. आणि त्या दारापासून अंगणातल्या स्विमिंग पुलाचं पाणी आठ-दहा पावलांवर. असो. कॅमेऱ्यांबद्दल विचारलं होतंस, त्याचं आधी सांगते.

तू दाखवलेला बॅटरीवरचा संच घेऊ नकोस. बॅटरी वाचवण्यासाठी तो कॅमेरा झोपून असतो. उष्णता हलली हे सेन्सरला कळलं की जागा होतो, वायफाय धरतो, चित्र क्लाउडवर पाठवतो आणि मग तुझा फोन वाजतो. यात काही सेकंद जातात, आणि एकदा वाजला की पुढचा थोडा वेळ तो विश्रांती घेतो. गाडी कोणी खरवडली हे बघायला तेवढं पुरतं, पाण्यापाशी नाही. शिवाय तो सेन्सर अंगाची ऊब आणि मागच्या फरशी-भिंतीची ऊब यांतला फरक पकडतो. तुमच्या अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी भिंत, फरशी आणि अंग यांचं तापमान जवळपास एक झालं की त्याला माणूस दिसतच नाही. २०२३ मध्ये तुमच्या शेजारच्या फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता. आपल्या हिशेबात ४३ अंशांच्या पुढे. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांवर चार्ज करू नये, म्हणून बरेच कॅमेरे तेव्हा चार्जिंग बंद करतात. वर सोलर पॅनल लावलंस तरी ऐन जुलैत तो मरू शकतो.

तारेवरचे घे. पीओई, म्हणजे एकाच केबलमधून वीज आणि चित्र. चार हलक्या कॅमेऱ्यांपेक्षा दोन चांगले, चार मेगापिक्सेलचे. केबल बाहेरच्या वापराची, ऊन सोसणारी कॅट-६ जातीची नेटवर्क केबल, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, तिला हात लावू नकोस, लांब पल्ल्यावर तिच्यातून वीज कमी पडते आणि रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की कॅमेरा आपोआप रीस्टार्ट होत राहतो. एका पल्ल्याची मर्यादा १०० मीटर, तुला तीस-पस्तीस मीटरच लागतील. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोड, म्हणजे पाणी केबलवरून आत न जाता तिथून ठिबकेल. जोड उघड्यावर ठेवू नकोस, कॅमेऱ्याच्या मागे जंक्शन बॉक्स घे. बाहेरच्या कॅमेऱ्यांतले बरेच बिघाड त्या जोडात पाणी शिरून होतात. क्लोरीनच्या वाफेनं साधे स्क्रू गंजतात, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे लाव. आणि केबल जोडायचा नेटवर्क स्विच, चित्र साठवणारा रेकॉर्डर सगळं घरात ठेव. पाण्याच्या काठापासून सहा फुटांच्या आत सॉकेट नको, वीस फुटांच्या आतलं प्रत्येक सॉकेट जीएफसीआयवर, म्हणजे वीज गळली की क्षणात तोडणाऱ्या यंत्रावर हवं, हा तिथला नियमच आहे. वायरमन परवानाधारक आण. तुला वायरिंग येतं हे मला माहीत आहे, दहावीच्या सुट्टीत पूर्ण दुकान तूच तर वायर केलंस. तरीही आण.

जागा. डोम, म्हणजे घुमटाच्या आतला कॅमेरा नको, त्याच्या काचेवर धूळ बसते आणि रात्री कॅमेऱ्याचाच उजेड आत परतून सगळं धुरकट दिसतं. टरेट घे, त्याच्या गोळ्यावर तसा घुमट नसतो. पहिला घराच्या उत्तरेकडच्या वळचणीखाली, तोंड उत्तरेला, म्हणजे सूर्य बहुतेक वेळ कॅमेऱ्याच्या पाठीशी राहील. पश्चिमेला तोंड करून लावलास तर संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे तुम्ही सगळे मागे असता नेमक्या त्याच वेळी, पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसणार नाही. उंची नऊ-दहा फूट आणि कोन उतरता. सपाट कोनातून बघितलं की पाण्यावर आभाळच दिसतं, खालचं काही दिसत नाही. पाण्यावर जितकं सरळ वरून बघशील तितकं आत दिसेल.

रात्री तर इन्फ्रारेडच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या, भरवशावर मुळीच राहू नकोस. पाणी तो उजेड पिऊन टाकतं. कॅमेऱ्यात स्विमिंग पूल डांबराच्या डबक्यासारखा काळा दिसतो, तळाशी काय आहे ते काही केल्या कळत नाही. पुलातला दिवा अंधार पडताच आपोआप लागेल असा टायमर लाव, आणि कॅमेरा रंगीत मोडवर ठेव. लेन्सपुढची कोळिष्टकं दर पंधरा दिवसांनी झाड. रात्रीच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि मग रात्रभर खोट्या घंटा.

खोट्या घंटांचं नीट वाच, निखिल, कारण खरी गफलत इथेच होते. पाण्याच्या लाटा, पाण्यावरची चमक, पुलाचा तळ साफ करत आपोआप फिरणारा तो झाडू, ताडाच्या झावळ्यांची सावली, सगळ्यांवर कॅमेरा वाजतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला शंभर सूचना येतात. दुसऱ्या आठवड्यात माणूस त्या बंद करतो. तिसऱ्या आठवड्यात आपण त्या बंद केल्या आहेत हे विसरतो. म्हणून सूचनेचं क्षेत्र पाण्यावर आखूच नकोस. काठाबाहेर तीन-चार फुटांचा फरशीचा पट्टा आख, आणि दुसरी रेघ मागच्या दारासमोर. फक्त 'माणूस' निवड. मग परीक्षा घे: ओवीला कडेवरून उतरवून, तू शेजारी उभा राहून, तिला त्या पट्ट्यातून चालू दे. हे कॅमेरे मोठ्या माणसाच्या आकाराला सरावलेले असतात, अडीच फुटांचं मूल लांबून त्यांच्या लेखी मांजर. रांगणारं, वाकलेलं मूल तर हमखास सुटतं. सुटलं तर लेन्स बदल. २.८ मिलिमीटरची सगळं अंगण दाखवते पण सगळं लहान, ४ मिलिमीटरची कमी दाखवते पण मोठं. दारासाठी मी ४ घेईन.

सूचना दोघांच्या फोनवर हवी, आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मधून तिला सूट दे, नाहीतर तू मीटिंगमध्ये आणि प्राजक्ता अंघोळीला. फोनवर सगळा भार नको. रेकॉर्डरला घरात एक भोंगा जोड, खरोखर कर्कश.

आणि एक. वळचणीखाली आधीच्या मालकांचे दोन जुने कॅमेरे तसेच आहेत, चौथ्या फोटोत दिसतात. ते आजही त्यांच्याच खात्याला जोडलेले असू शकतात. पोरं पोहताना, ओवी कपडे बदलताना कोणी परकं बघतंय, ही गोष्ट मला झोपू देणार नाही. उद्याच उतरव किंवा फॅक्टरी रीसेट मार. नव्यांना पासवर्ड स्वतःचा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू, माइक बंद. शेजाऱ्यांचं अंगण चित्रात येत असेल तर त्या भागावर काळी पट्टी टाकायची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापर. रेकॉर्डिंगला प्रत्येकी सेकंदाला चार मेगाबिटच्या दराने दोन कॅमेऱ्यांचे दिवसाला साधारण ८६ जीबी होतात, दोन टेराबाइटची डिस्क तेवीस दिवस पुरेल. डिस्क कॅमेऱ्यांसाठीची घे, कॉम्प्युटरची दिवसरात्र लिहिणं फार काळ सोसत नाही.

हे सगळं चोख झालं, तरी ते दार तसंच आहे.

कॅमेरा पाण्यात उडी मारत नाही, निखिल. घंटा वाजेल, तू फोन काढशील, अ‍ॅप उघडेल, चित्र फिरत राहील, तुला वाटेल मांजर आहे. मूल बुडताना ओरडत नाही, पाणी उडवत नाही. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातल्या मुलं पुलात बुडण्याच्या घटना तपासल्या होत्या. ७७ टक्के मुलं नजरेआड होऊन पाच मिनिटं किंवा त्याहून कमी झाली होती. ६९ टक्के मुलं तिथे असतील अशी कोणाची कल्पनाच नव्हती. बहुतेक वेळा लक्ष ठेवणारे आई किंवा बापच होते. बेफिकीर लोक नव्हते रे ते, तुमच्यासारखेच होते.

रागावू नकोस. तू वाईट बाप आहेस असं मी म्हणत नाहीये. रात्री दोनला तिला खांद्यावर घेऊन तू कसा फेऱ्या मारायचास ते मी तिथे तीन महिने बघितलंय.

अडसर आधी, कॅमेरा नंतर, एवढंच माझं म्हणणं. सहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर अ‍ॅरिझोनाचा कायदाही तेच मागतो: कुंपण बाहेरच्या बाजूने मोजून पाच फूट, चार इंचांचा चेंडू जाईल अशी फट कुठे नको, पाण्याच्या काठापासून निदान वीस इंच लांब. फाटक पुलाच्या बाहेरच्या दिशेला उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं, कडी जमिनीपासून ५४ इंचांवर. घराची भिंतच कुंपणाची चौथी बाजू होत असेल, आणि तुमच्याकडे तसंच दिसतंय, तर घर आणि पाणी यांच्यामध्ये आणखी एक अडसर किंवा त्या दारांना वरची, आपोआप लागणारी कडी असे पर्याय त्यात आहेत. शहराचे नियम याहून कडक असू शकतात, चँडलरच्या कार्यालयात विचार. मला विचारशील तर जाळीचं आतलं कुंपण घे, काढता-घालता येणारं.

फाटकाची परीक्षा अशी: दोन इंच उघडून सोड, मग पूर्ण उघडून सोड. दोन्ही वेळा कडी खट्कन लागली पाहिजे. उन्हानं खांब हलतो, बिजागराची स्प्रिंग ढिली पडते, आणि कडी अर्ध्या बोटानं चुकते. दर महिन्याच्या एक तारखेला बघ. आणि नवव्या फोटोत एसीचा बाहेरचा डबा कुंपणाला चिकटून आहे. ती पायरी आहे. डबा हलणार नाही, पण तेवढ्या भागात कुंपण उंच करता येईल. खुर्च्या, कुंड्याही लांब. पोहणं झालं की पाण्यातली खेळणी उचल, तो पिवळा बदक पाण्यावर तरंगत ठेवू नकोस, ओवी बदकासाठी जाईल. दारांना भोंगे लाव, दहा फुटांवर ८५ डेसिबल वाजतात ते.

तुला आठवतं का? मामांच्या वाड्यातल्या आडात वाकून तू "आ" करून ओरडायचास आणि आतून आवाज परत आला की हसायचास. तीन वर्षांचा होतास. आडाला जाळी होती, तिला कुलूप होतं, किल्ली आजींच्या कमरेला. तरी आजी तुझ्या चड्डीचा पट्टा धरून उभ्या राहायच्या. जाळी आहे म्हणून त्यांनी कधी हात सोडला नाही, आणि हात आहे म्हणून जाळी उघडी ठेवली नाही. पुढे कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून बाबांनी तुला पाण्यात सोडलं, आणि पंधरा दिवसांत तू डबा काढून टाकलास, तेव्हा मी काठावर तोंड फिरवून उभी होते. तू आत्ता म्हणशील, आई, विषय सोडून बोलू नकोस.

बरं. गणपतीला तुमच्याकडे चाळीस माणसं येतील, प्राजक्ता म्हणत होती. चाळीस मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. एकाच्या गळ्यात शिट्टी घाल. पंधरा मिनिटं त्यानं फक्त पाणी बघायचं, फोन नाही, ताट नाही, मग शिट्टी दुसऱ्याला. आणि तुम्ही दोघं सीपीआर, म्हणजे श्वास आणि हृदय थांबलेल्या माणसाला द्यायचा प्रथमोपचार, शिकून घ्या. बुडालेल्या माणसाला नुसतं छातीवर दाबून भागत नाही, श्वासही द्यावे लागतात, तीस दाब आणि दोन श्वास. कोर्स लावा, व्हिडिओवर शिकू नका. ओवी क्षणभर दिसेनाशी झाली तर कपाटं, पलंगाखाली नंतर. आधी पाणी बघायचं.

बघ, पुन्हा किती लिहिलं. तुला सांगायची गरज नसते हे मला कळतं, इथे लोक तुला विचारून कॅमेरे घेतात. पण रात्री जाग येते तेव्हा तुमच्याकडे दुपार असते, आणि दुपारी ओवी झोपेतून उठून सरळ स्वयंपाकघरात येते.

त्या झडपेवर आतून बारा मिलिमीटरची प्लायवुडची फळी, सहा स्क्रू मारून. अर्ध्या तासाचं काम. चांगलं नवं दार नंतर बसव. हे पत्र वाचलंस की फळी मारल्याचा फोटो पाठव. फाटकाच्या कडीपाशी टेप धरून दुसरा फोटो, आकडा दिसेल असा. कॅमेऱ्यांचं त्यानंतर बोलू.

प्राजक्ताला आशीर्वाद. ओवीला पापी.

तुझी,
आई